वाफ्यापासून पंगतीपर्यंत : परसबाग आणि मैत्री

पालकसभा संपली होती. खुर्च्या आवरल्या जात असताना एक पालक माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांची मुलगी तेव्हा सहावीत होती आणि शाळेच्या परसबागेत तिच्या गटाकडे मेथीचा वाफा होता. मुलीला भेटायला आलेल्या वडिलांनी तिला हातात खुरपे घेऊन वाफ्यात बसलेली पाहिले होते. ते रागावलेले नव्हते, पण त्यांचा आवाज कापत होता. "बाई, आम्ही दोघं नवराबायको जन्मभर दुसऱ्याच्या रानात भांगलण करत आलो. पोरीच्या हातात पुस्तक यावं म्हणून तिला हितं ठेवली. आणि तुम्ही तिच्या हातात परत खुरपंच दिलं?"

मी इतिहासाची शिक्षिका आहे. प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे हे माझे काम. परंतु त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. अभ्यासाच्या तासिकेतून आम्ही वेळ घेत नाही, एवढेच मी सांगू शकले. त्यांचे समाधान झाले नाही, आणि ते होऊ नये हेच योग्य होते. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या हुकमावर कष्ट केले, त्या समाजातील बापाने शाळेला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या परसबागेविषयी लिहिण्याचे ठरले, तेव्हा मला सर्वप्रथम तो प्रश्न आठवला. हा लेख म्हणजे त्या पालकांना उशिराने दिलेले उत्तर आहे.

पाणी नाही तर मळा नाही

धान्य आणि भाजी यांत एक मूलभूत फरक आहे. खरिपाची ज्वारी पावसावर येते. रब्बीचा शाळू जमिनीतील ओलीवर आणि दवावर पोसतो. भाजीला मात्र दररोज, निदान दिवसाआड पाणी लागते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पाणी चुकले तर मेथी-कोथिंबिरीचा वाफा माना टाकतो. म्हणूनच भाजीपाला नेहमी विहिरीच्या, पाटाच्या किंवा नदीच्या काठी पिकत आला आहे. 'मळा' या शब्दातच पाणी गृहीत आहे.

मग ज्यांना विहिरीच्या काठाला हात लावण्याची मुभा नव्हती, त्यांच्या दारात मळा कसा असणार? महार वतनाच्या जमिनी बहुधा जिरायत आणि वारसांत तुकडे-तुकडे झालेल्या. आणि त्या तुकड्यांच्या बदल्यात अहोरात्र गावची चाकरी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या कोल्हापूर संस्थानातील महार वतन रद्द केले. मुंबई इलाख्यातील वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधिमंडळात विधेयक मांडले, त्यामागे हीच वेठ होती.

पाण्याचा इतिहास याच सूत्रात वाचला पाहिजे. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानातील सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे हुकूम काढले. २१ व २२ मार्च १९२० रोजी आपल्याच हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे परिषद भरली आणि शाहू महाराजांनी तेथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव मुंबईच्या विधिमंडळात संमत झाला आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आपल्या ओंजळीत घेतले. या लढ्याकडे आपण मानवी हक्काचा लढा म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. परंतु त्याचा एक साधा, घरगुती अर्थही आहे. ज्या घराला पाणी मिळत नाही, त्या घराच्या चुलीवर ताजी भाजी क्वचितच शिजते.

म्हणूनच आपल्या आज्यांच्या स्वयंपाकात पेरलेल्या भाजीपेक्षा आपोआप उगवलेली भाजी अधिक होती. तांदुळजा, घोळ, कुर्डू, पाथरी, टाकळा ही नावे त्यांना तोंडपाठ होती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. आपल्या ताटाचाही इतिहास असतो आणि तो लिहावा लागतो, हे भान त्या पुस्तकाने अनेकांना दिले.

भाजी चालते, पाणी चालत नाही

१९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या वस्तीत हापसा आला. मी तेव्हा फार लहान होते. हापशाभोवती सांडणारे पाणी आईने एका चरीने घरामागे वळवले आणि तेथे घोसाळ्याचे दोन वेल लावले. पावसाळा सरता सरता छप्पर पिवळ्या फुलांनी भरून जाई. आमच्या घराण्याच्या ज्ञात इतिहासातील ती पहिली परसबाग.

आई ज्यांच्या मळ्यात मजुरीला जाई, त्या मालकीणबाई एकदा वस्तीवरून जात होत्या. छपरावरची कोवळी घोसाळी पाहून त्या थांबल्या. आईने आनंदाने पाच-सहा घोसाळी तोडून त्यांच्या पदरात घातली. ऊन कडक होते, म्हणून तिने पाण्याचा तांब्याही पुढे केला. "नको गं, आत्ताच पिऊन आले," असे म्हणून त्या निघून गेल्या. मी आईकडे पाहिले. ती म्हणाली, "भाजी चालती, पाणी चालत नाही."

त्या एका वाक्यात जातिव्यवस्थेचे एक संपूर्ण कलम सामावले आहे, हे मला पुढे इतिहासाचा अभ्यास करताना उमगले. जातीच्या नियमांत कच्चे आणि शिजलेले यांत मोठा भेद केला जात असे. तांदूळ, डाळ, भाजी असा कोरडा शिधा कोणाहीकडून घेण्यास अडचण नसे. त्याला अग्नी आणि पाण्याचा स्पर्श झाला, की मात्र कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये याची कडेकोट उतरंड सुरू होई. कष्टकऱ्याने पिकवलेले धान्य आणि तोडलेली भाजी सर्वांना चालत असे. त्याच्या चुलीवरचा घास तेवढा चालत नसे.

शाहू महाराजांनी हे कलम नेमके ओळखले होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला स्पर्श केला म्हणून गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना कोल्हापुरात चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेतला. त्यांनी गंगारामांना पैसे देऊन प्रश्न मिटवला असता, तर ते केवळ दान ठरले असते. महाराजांनी त्यांच्या हातचे उकळलेले पाणी सर्वांसमक्ष प्राशन केले. ती मैत्री होती.

परसबागेतून मैत्री होते असे आपण सहज म्हणतो. भाजीचे वाण एकमेकांना द्यावे, शेजाऱ्याला चार वांगी द्यावीत, ओळख वाढते, हे खरेच आहे. परंतु आपल्या समाजात या मैत्रीची खरी कसोटी कच्च्या भाजीवर लागत नाही. वाफ्यातली भाजी शिजून एकाच पंगतीत वाढली जाते का, आणि ती कोणाच्या हातची असते, यावर ती लागते.

धनिणीच्या बागेतील वसतिगृह

वाफा, चूल आणि पंगत या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा मोठा प्रयोग ज्यांनी केला, ते कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या परिसरातलेच. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शिकत असताना १९०८ मध्ये ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परतल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि राहते वसतिगृह सोडावे लागले. ज्या पंगतीतून आपल्याला उठवले गेले, तशी पंगत आपल्या संस्थेत कधीही मांडायची नाही, हा निश्चय पुढे त्यांच्या कार्यात पदोपदी दिसतो.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. साताऱ्याच्या धनिणीच्या बागेत हे वसतिगृह नांदले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका छपराखाली राहत, शेतात व बागेत काम करीत, पाणी भरीत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य तेथे प्रत्यक्ष आचरले जात होते.

भाऊरावांना 'महाराष्ट्राचे बुकर टी. वॉशिंग्टन' म्हटले जाते. अमेरिकेतील गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये टस्कीगी येथे संस्था उभारली. विद्यार्थी स्वतः विटा भाजीत, शेती करीत. १८९६ मध्ये तेथे आलेले शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी पुढे घोडागाडीतून फिरती कृषिशाळा सुरू केली आणि गरीब कुटुंबांना दारातला भाजीपाला, जमिनीची निगा आणि पीकबदल शिकवला. परंतु याच विचारावर डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ मध्ये प्रखर टीका केली. हातकामाच्या शिक्षणावरच भर राहिला आणि उच्च शिक्षण व राजकीय हक्क यांची मागणी मागे पडली, तर कृष्णवर्णीय कायम राबतच राहतील, असा त्यांचा आक्षेप होता. याच डुबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. पालकसभेतील त्या वडिलांनी डुबॉइस वाचलेले नव्हते. पण त्यांचा प्रश्न डुबॉइस यांचाच होता.

म्हणून खुरपे कोणाच्या हातात आहे यापेक्षा ते कोणत्या अटींवर आहे, हे महत्त्वाचे ठरते. आपल्या परसबागेत आम्ही तीन अटी पाळतो. पहिली, कामातून कोणालाही सूट नाही. खत कालवणे, गवत काढणे, पाणी देणे ही कामे पाळीने सर्वांकडे येतात; मुलींचे काम, मुलांचे काम असा भेद नाही आणि शिक्षकांची नावेही त्याच फळ्यावर लिहिलेली असतात. दुसरी, पीक राबणाऱ्याचे. वाफ्यातील भाजी मुलांच्याच भोजनगृहात जाते. ती कोणाच्या घरी भेट म्हणून पाठवली जात नाही. तिसरी, काम हा अभ्यास आहे. अभ्यासाऐवजी काम नाही. प्रत्येक गटाची वही असते. पेरणीची तारीख, पाण्याचे माप, आलेले वजन आणि फसलेले प्रयोग तिच्यात नोंदवले जातात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. परसबाग म्हणजे 'खेड्याकडे चला' असा संदेश नव्हे. बाबासाहेबांनी खेड्याचे उदात्तीकरण कधीही केले नाही; संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी खेड्यांविषयी कठोर मत मांडले. लहान धारण क्षेत्रांवरील १९१८ च्या निबंधातही त्यांनी केवळ जमिनीच्या आकाराची चर्चा न करता भांडवल आणि औद्योगिकीकरण यांवर भर दिला. दोन वाफ्यांनी कोणाचेही दारिद्र्य हटत नाही. परसबागेकडून आपण उदरनिर्वाहाची अपेक्षा करू नये. आरोग्य, ज्ञान आणि सहजीवन यांची अवश्य करावी.

परसबाग कशी करावी

माजी विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात, म्हणून काही अनुभवाच्या गोष्टी येथे नोंदवते.

जागा निवडताना ऊन पाहावे. फळभाज्यांना किमान सहा तास ऊन हवे. पालेभाज्या चार तासांवरही येतात. गादी वाफा तीन फुटांपेक्षा रुंद करू नये, म्हणजे मुलांचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचतो आणि माती तुडवली जात नाही. आपल्याकडील काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते. तेथे वाफा वीतभर उंच करावा.

खतासाठी पैसे लागत नाहीत. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वाळला पालापाचोळा थरांनी रचावा, ओल टिकवावी आणि दर पंधरा दिवसांनी ढीग उलटावा. तीन महिन्यांच्या सुमारास मातीचा वास येणारे खत तयार होते. वारणा-पंचगंगेच्या या ऊसपट्ट्यात पाचटाला तोटा नाही. पाचट पेटवून न देता वाफ्यावर पसरले, तर पाणी बरेच वाचते आणि गवतही दबते.

हंगाम पाळावा. मृगाच्या पावसावर भेंडी, गवार, दोडका, कारले, घोसाळे लावावे. दसऱ्याच्या सुमारास मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, पावटा पेरावा आणि वांगी-टोमॅटोची रोपे लावावीत. उन्हाळ्यात तांदुळजा, राजगिरा आणि चवळी तग धरतात. पेरण्यापूर्वी धने रगडून दोन भाग करावेत. मेथी महिन्याभरात, मुळा दीड महिन्यात आणि भेंडी साधारण पन्नास दिवसांत हाती येते. मुलांसाठी मेथी-मुळ्यापासून सुरुवात करावी, कारण लवकर आलेले पहिले पीक उत्साह टिकवते. बांधाला एक शेवगा, एक कढीपत्ता आणि सांडपाण्याच्या कडेला अळू असावे. ही तिन्ही फारशी निगा मागत नाहीत आणि संकटात उपयोगी पडतात.

किडीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा ठरतो. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून त्यात चिमूटभर साबण मिसळावा आणि संध्याकाळी फवारावा. वांग्याचा सुकलेला शेंडा दिसताच तो तोडून नष्ट करावा. आत अळी असते. भेंडीवर केवडा आला तर ते झाड उपटून टाकावे, कारण पांढरी माशी तो रोग शेजारच्या झाडावर नेते. मुळांवर गाठी धरणाऱ्या सूत्रकृमींना आवर घालण्यासाठी वाफ्याच्या कडेने झेंडू लावावा.

शहरात राहणाऱ्यांनी गच्चीवर थेट माती पसरू नये. एक फूट जाडीची ओली माती दर चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या पुढे जाते. कुंड्या, पिशव्या किंवा क्रेट घ्यावेत आणि त्यांत मातीचा अंश कमी ठेवून पालापाचोळा, उसाचे चिपाड आणि खत अधिक भरावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाच्या आहारात रोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या असाव्यात. मजुरीवर जगणाऱ्या आपल्या किती घरांत हे माप पूर्ण होते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

ज्ञान वाटले की माणसे जोडली जातात

भाजीच्या निमित्ताने माणसे जोडण्याची परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्रीपाद दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभारला. त्याचे सूत्र साधे होते. प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर प्रयोग करावा, मोजमाप ठेवावे आणि यश व अपयश दोन्ही इतरांना मोकळेपणाने सांगावे. तासगाव परिसरातील द्राक्ष बागायतदारांनी याच मार्गाने आपली शेती पालटली. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाच्या गरजा भागवता येतील का, याचा ध्यास दाभोलकरांनी घेतला. पदवी नसलेला शेतकरीही तेथे ज्ञानाचा निर्माता होता. कोणीतरी सांगितले म्हणून न मानता स्वतः पडताळून पाहावे, ही तथागतांची शिकवण. वाफ्याची वही म्हणजे त्याच शिकवणीचा लहानसा सराव होय.

मुंबईत प्रीती पाटील यांनी पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहातील कचऱ्यावर गच्चीत बाग फुलवली आणि पुढे 'अर्बन लीव्हज' या उपक्रमातून सामूहिक बागा सुरू झाल्या. एरवी शेजारच्या दाराचे नाव ठाऊक नसलेली माणसे तेथे सुट्टीच्या दिवशी एकत्र मातीत हात घालतात. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावी महादेव कोळी समाजातील राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाताही देशी वाणांची बँक उभारली आणि २०२० च्या पद्मश्रीपर्यंत त्यांचे कार्य पोचले. बियाणे देताना त्या अट घालतात ती बियाणेच परत करण्याची. घेणारा पुढे देणारा होतो. दानात वरचा हात आणि खालचा हात असतो. बियाण्याच्या देवाणघेवाणीत दोन्ही हात एका पातळीवर येतात.

महापुरातील पंगत

आपल्या शाळेमागील गल्लीतील महिलांशी परसबागेमुळे आमची ओळख झाली. त्यांच्याकडून पावट्याचे आणि दुधीचे वाण आले. आमच्याकडून त्यांना रोपे आणि भाजी गेली. आठ वर्षे हा व्यवहार आनंदाने चालला. कुंपणावर हात टेकून तासन्‌तास गप्पा झाल्या. त्यांतील एक वयस्क आजी तर वेलाला मांडव कसा घालावा, हे मुलांना स्वतः दाखवीत. परंतु या आठ वर्षांत त्यांनी आमच्याकडचा चहा एकदाही घेतला नव्हता. कधी उपवास असे, कधी पित्त. मला आईचा तांब्या आठवे आणि मी आग्रह करीत नसे.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि वारणा पात्राबाहेर आल्या. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि बाजारातील भाजीची आवक थांबली. वारणाकाठच्या गावांतून पूरग्रस्त नातलग वडगावात आले. गल्लीतल्या घरांत माणसे दुप्पट झाली, गॅस संपले. आपल्या भोजनगृहात धान्य होते, सरपण होते आणि बागेत अळू, अंबाडी, शेवग्याचा पाला आणि चार मोठे लाल भोपळे होते. आम्ही निरोप पाठवला. पहिल्या दिवशी काही जणींनी कच्ची भाजी तेवढी नेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटण्याची सोय राहिली नाही, तेव्हा त्या आल्या, आमच्या मुलींच्या बरोबरीने अळू चिरायला बसल्या आणि दुपारी एकच पंगत बसली. वाढणाऱ्यांत ती खुरपेवाल्या वडिलांची मुलगीही होती. तोवर ती दहावीत गेली होती. आजींनी ताट पुढे केले आणि म्हणाल्या, "पोरी, अळूची भाजी आणि जरा वाढ." मी दुसरीकडे पाहिले, कारण माझे डोळे भरून आले होते.

जे घडले ते वाढवून सांगू नये, हा इतिहासाचा दंडक आहे. पूर ओसरल्यावर काही घरे पुन्हा जुन्या अंतरावर गेली. त्यांच्याशी बियाण्यांची देवाणघेवाण सुरू आहे, तेवढीच. आजी मात्र त्याच वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपल्या शाळेत जेवायला आल्या आणि नंतर त्यांनी मला घरी बोलावून स्वयंपाकघरात बसवून भाकरी वाढली. एका महापुराने आणि आठ वर्षांच्या भाजीने मिळून एक घर जोडले. हे थोडे वाटेल. परंतु त्या आठ वर्षांची ओळख नसती, तर पुराच्या दिवशीही त्या आल्या असत्या असे मला वाटत नाही.

मैत्री हा शब्द

स्वातंत्र्य आणि समता टिकवणारी गोष्ट म्हणजे परस्परांविषयीचा बंधुभाव, असे बाबासाहेब सांगत. आणि त्यासाठी बंधुता या शब्दापेक्षा तथागतांचा 'मैत्री' हा शब्द त्यांना अधिक समर्पक वाटत होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी करुणेच्याही पुढची पायरी म्हणून मैत्रीचा विचार केला. करुणा दुःखिताकडे पाहते. मैत्री समोरच्याला आपल्या पातळीवर पाहते. तथागतांच्या काळातील विहारांना 'आराम' म्हणत, म्हणजेच उद्यान. वेळुवन, जेतवन, आम्रपालीचे आम्रवन ही सारी उद्यानेच होती आणि त्यांच्या सावलीत न्हावी उपाली, सफाईचे काम करणारा सुनीत आणि राजकुळांतील भिक्खू एका संघाचे घटक झाले. झाडांच्या सान्निध्यात राहून माणसे समान होत नाहीत. एका नियमाखाली एकत्र राहिल्याने होतात. आपल्या परसबागेतील तीन अटींचे मोल तेवढ्याचसाठी आहे.

त्या पालकांना मी आज असे सांगेन: दादा, तुमचा प्रश्न बरोबर होता आणि तो आम्ही जपून ठेवला आहे. दर जूनमध्ये नवी वही उघडताना पहिल्या पानावर मुले तीन ओळी लिहितात. हा वाफा कोणाचा? यात कोण कोण राबणार? ही भाजी कोणाच्या ताटात जाणार? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'आपण सर्व' असे येईल, तोपर्यंतच तुमच्या लेकीच्या हातात खुरपे राहील. ज्या वर्षी उत्तर वेगळे येईल, त्या वर्षी ते खुरपे आम्ही स्वतः काढून घेऊ.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपण आज मुंबई, पुणे, सांगली, बेळगाव अशा अनेक ठिकाणी नोकरी-व्यवसायात आहात. दारात जागा असेल तर एक वाफा करा; नसेल तर खिडकीत दोन कुंड्या ठेवा; विहाराच्या आवारात चार घरे मिळून एक सामाईक बाग करा. शेजाऱ्याला भाजी अवश्य द्या, मग तो कोणत्याही जातिधर्माचा असो. पण तेवढ्यावर थांबू नका. एके दिवशी ती भाजी शिजवा आणि त्याला जेवायला बोलवा. तो आला नाही, तर पुढच्या हंगामात पुन्हा बोलवा. आणि पुढील माजी विद्यार्थी मेळाव्याला येताना आपापल्या घरचे मूठभर बियाणे घेऊन या. ते वाटून घेऊ आणि दुपारी शाळेच्या पंगतीत एकत्र बसू.

जयभीम! नमो बुद्धाय!